पसंतीचं पत्र त्रेचाळीस वेळा

ऐक बरं. मधी बोलू नको, नुसतं ऐक. चहा थंड झाला तर दुसरा सांगू, पण हे तू ऐकलंच पाह्यजे.

आपला भूषण. बजाजनगरचा रे, बुद्धभूषण, कंपनीत क्वालिटीला आहे तो बारीकसा. त्याच्या घरी कॉम्प्युटर आला, ते तुला ठाऊक आहे. एक नेट कॅफे बंद पडला, तिथला जुना ह्यानं उचलला, फोनची तार जोडली आन नेट चालू केलं. आता फोनवरचं नेट म्हणजे कसं, तुला सांगायला नको. नंबर फिरवायचा, मग तो डबा गाणं म्हणणार. टिंग टिंग, चिर्रर्र, घुंईई, मधीच ठेच लागल्यासारखं डुंग डुंग. लागलं तर लागलं. आपल्याला तो आवाज ऐकला की दात शिवशिवतात. भूषणला काय वाटायचं माहिताय? त्याला वाटायचं, लांब कुठंतरी कॅनॉलला पाणी सोडलंय, आन ते कोरड्या पाटातून दगडगोटे लोटत खडखडत आपल्याच वावराकडं यायलंय. डोळे मिटून ऐकायचा बेटा. त्याची आई, पारूबाई, पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "भूषण, त्या डब्याला काय दुखतंय रे? बघ तरी."

तर असंच डोळे मिटून ऐकताना त्याला एक सुचलं. त्याचं म्हणणं असं की माणसानं एखादी गोष्ट एकदाच नीट विचार करून ठरवावी, आन मग ती करत बसायचं काम मशीनकडं द्यावं. नेट लागलं रे लागलं की कामं आपली आपण सुरू व्हायला पाह्यजेत. आपण हजर नसलो तरी. महिनाभर बसून त्यानं प्रोग्राम लिहिला. दुपारी ठरलेल्या टायमाला कॉम्प्युटरनं स्वतः फोन लावायचा. नेट लागलं की पह्यलं काम, लिहून ठेवलेली पत्रं पाठवायची. दुसरं, आलेली पत्रं उतरवायची. तिसरं, घड्याळ मिळवायचं. चौथं, वडिलांसाठी पेपरचं पान उतरवून ठेवायचं, फोटोसकट. हे चौथं काम लई सावकाश, दहा-दहा मिनिटं चालायचं, कारण त्याच्या वडिलांना, कडुबाकाकांना, फोटोशिवाय बातमी खरी वाटत नाय. चारी कामं झाली की पत्र गेलं असं धरायचं आन फोन ठेवून द्यायचा.

आन मधीच नेट तुटलं तर? तर परत लावायचं, आन पह्यल्यापासून सगळं परत करायचं. अर्धवट काम नको. ही ओळ लिहिली तवा भूषणला स्वतःचा लई अभिमान वाटला. आईला बोलावून दाखवली. पारूबाईनं हात पुसून स्क्रीनकडं बघितलं आन म्हणली, "छान आहे. पण ह्यानं डाळ कधी शिजंल?"

त्याचं स्वप्न काय होतं सांगू? आपण गच्चीवर गोधडी टाकून आडवं पडलोय, वर घारी गोल फिरायल्यात, वाळूजच्या चिमण्यांचा धूर सरळ वर चाललाय, आन खाली घरात आपली कामं आपल्याशिवाय व्हायलीत. माणूस रिकामा. रिकामा म्हणजे आळशी नाय, मोकळा. असा मोकळा माणूस काय काय करील ह्याचा विचार करत तो गच्चीवर खरंच पडायचा, आन तिथंच झोपायचा.

आता इथं एक तार मधी येते. शेजारी बद्रीनाथकाका. रिटायर्ड लाइनमन. तीस वर्षं दुसऱ्याचे फोन जोडत फिरले, स्वतःच्या घरी फोन नाय. कडुबाकाकांनी फोन घेतला तवा मोठ्या मनानं म्हणले, "बद्रीनाथ, आमचा फोन म्हणजे तुमचाच." हे आपण बोलण्यापुरतं बोलतो. बद्रीनाथकाका त्याच दिवशी संध्याकाळी भिंतीवरून वायर टाकून, खिडकीला भोक पाडून, जुनं यंत्र लावून मोकळे. पॅरलल. नंबर एकच. इकडं वाजला की तिकडं वाजतो. आन इकडं नेट चालू असताना तिकडं कोणी उचलला की संपलं, नेट तुटलं.

भूषणला हे ठाऊक होतं, तो काय येडा नाय. त्यानं हिशोबानं टाइम काढला. बद्रीनाथकाकांची बायको, सुरेखाकाकू, दुपारी दोन ते चार झोपते. एकोणीस वर्षांत त्यात खाडा नाय. भूकंप झाला तवा बी झोपलेलीच होती, असं ती स्वतः सांगते. म्हणून टाइम ठरला दुपारी दोनचा.

आन ह्याच दिवसांत भूषणला स्थळ आलं.

पिशोरची पोरगी. प्रेरणा. तिथल्याच शाळेवर शिकवते. मामानं वाढवलेली, फकिरामामा, एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात मोठे बाबू. सगळे गेले बघायला. पोहे झाले, ओळखीपाळखी निघाल्या, आन मग कोणीतरी म्हणलं, पोरापोरीला पाच मिनिटं बोलू द्या. मागं अंगणात शेवग्याचं झाड, खाली एक शेळी. भूषण शेळीकडं बघून म्हणला, "छान आहे." प्रेरणा म्हणली, "शेजाऱ्याची आहे."

मग ती सरळ बोलली. म्हणली, "हे बघा, आपल्याला पाच मिनिटं आहेत, त्यातली दोन शेळीत गेली. मी शाळा सोडणार नाय. लग्नानंतर बी. बजाजनगरवरून रोज ये-जा करीन, फुलंब्रीवरून. चालंल का? उत्तर तुमचं पाह्यजे, घरच्यांचं नाय. आन आत्ता देऊ नका. आत्ता दिलेलं उत्तर माणूस पोह्याच्या भरात देतो. विचार करून द्या."

भूषण त्या क्षणाला गेला, यार. कामातून गेला. येताना जीपमधी मधल्या शिटावर बसून, मांडीवर आत्याचं पोरगं, पायात पिशोरच्या वांग्यांची पिशवी, आन हा बाहेर बघून हसायलाय.

निघताना फकिरामामा म्हणले होते, "आमच्या ऑफिसात इंटरनेट आलंय. तुमचं काय असंल ते मेलवरच कळवा. कागदोपत्री राह्यतं." आन वर आवाज बारीक करून म्हणले, "तालुक्यात आमचंच पह्यलं."

घरी आल्या आल्या कडुबाकाकांनी बैठक घेतली. म्हणले, "पोरगी सोन्यासारखी आहे. पण आठ दिवस कोणी तोंड उघडायचं नाय. आपण मुलाकडचे आहोत. लगेच हो म्हणलं की त्यांना वाटतं पोरात काहीतरी खोट आहे. आठ दिवस जाऊ द्यायचे, मग एकच ओळ. मोजकी."

पारूबाई म्हणली, "आन त्या आठ दिवसांत दुसरीकडं जमलं तर?"

"जमू द्या. पण इज्जत राह्यली पाह्यजे."

आठ दिवस, भाऊ. कडुबाकाका बाजारात पिशोरकडचा माणूस दिसला की रस्ता बदलायचे. पारूबाई रोज सकाळी कॅलेंडरकडं बघायची. आन भूषण पत्र लिहायचा. लिहायचा, खोडायचा, गच्चीवर जायचा. वडिलांनी मजकूर सांगितला होता: "आपली मुलगी पसंत आहे. पुढील बोलणीसाठी यावे." संपलं. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली दोन मराठी वाक्यं, त्याला आठ दिवस कशाला लागतात? लागतात, कारण भूषणला त्याच्याखाली स्वतःची एक ओळ घालायची होती, वडिलांना न दाखवता. शेवटी आठव्या दिवशी सकाळी, फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी त्यानं ती लिहिली: "प्रेरणा यांना सांगावे, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर हो आहे."

पत्र रांगेत लावलं. कॉम्प्युटर चालू ठेवला. पडद्यावर रुमाल टाकला, धूळ नको म्हणून. आन कंपनीची बस पकडायला गेला.

दोन वाजले तवा तो कंपनीत होता, हातात मापायचं गेज, समोर पार्टांचा ट्रे. त्यानं घड्याळाकडं बघितलं आन त्याला सगळं दिसायला लागलं. आता डबा गायला असंल. आता पाणी आलं असंल. आता पत्र निघालं. वाळूजवरून शहरात शिरलं, क्रांती चौकाच्या गर्दीतून कोणाला धक्का न लावता गेलं, हर्सूलच्या पुढं मोकळी हवा लागली. फुलंब्रीच्या बाजारावरून जाताना त्यानं खाली बघितलं असंल. मग ज्वारीच्या वावरांवरून, विहिरींवरून, हलकं, पांढरं, पंखबिंख न हलवता. सुपरवायझर मागं येऊन उभा राह्यला तरी ह्याला पत्ता नाय. सुपरवायझर म्हणला, "भूषण, ह्या ट्रेमधले सगळेच पास केलेस?" भूषण म्हणला, "हो. सगळ्यांना हो."

आन इकडं काय चाललं होतं?

सुरेखाकाकूची नणंद सरिता, फुलंब्रीची. तिच्या पोरीचे दिवस भरलेले. सकाळीच दवाखान्यात नेलं, असा निरोप होता. म्हणजे एकोणीस वर्षांत पह्यल्यांदा, त्या एकाच दिवशी, काकू दुपारी जागी. दोन वाजून पाच मिनिटांनी तिनं फोन उचलला, चालू आहे का बंद पडलाय ते बघायला. कानात एकदम चिर्रर्र, खर्रर्र. तिनं घाबरून ठेवला.

नेट तुटलं. पत्र पह्यल्याच मिनिटाला गेलेलं होतं, पण पेपरचं पान निम्मंच उतरलेलं. कॉम्प्युटरनं काय समजायचं? काम अर्धवट. परत लावला. परत पह्यल्यापासून. परत पत्र.

काकूनं नवऱ्याला उठवलं. "अहो, फोनमंदी काहीतरी शिरलंय." बद्रीनाथकाकांनी यंत्र कानाला लावलं. चिर्रर्र. त्यांच्या तोंडावर जुनं तेज आलं. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी काय विचारलेलं नव्हतं. "ओल गेलीय," ते म्हणले. "खांबावरच्या डबीत ओल गेलीय." ठेवला. दोन मिनिटांनी परत उचलला. "वाढलीय."

मग वरच्या गल्लीची मोनिकाची आई आली, तिनं ऐकलं. ती म्हणली ओल नाय, हे बाहेरदेशाचं लागलंय. किराणावाला आला. त्यानं दुकान उघडं टाकून ऐकलं. म्हणला, माझ्या साडूच्या घरी असाच आवाज यायचा, त्यांनी फोन दोन दिवस तांदळात ठेवला होता. एक आजोबा आले, त्यांना ऐकायला येत नाय, पण त्यांना बी दिलं. त्यांनी लई वेळ कानाला धरलं आन मान हलवून म्हणले, "जोर आहे." आन गंमत बघ, प्रत्येकानं उचलून ठेवला की दोन मिनिटं शांत, आन तिसऱ्या मिनिटाला आवाज हजर. लोकांना वाटायला लागलं की आवाज आपल्यासाठीच परत यायलाय. रांग लागली, यार. काकूनं चहा टाकला.

आन रांगेत चार नंबरला कोण होतं? पारूबाई. भूषणची सख्खी आई. जिनं तो आवाज महिनाभर रोज ऐकला होता. भूषणनं नंतर विचारलं, "आई, तुला कळलं नाय का गं?" तर म्हणली, "आपल्या घरात तो आवाज वेगळा वाटतो. तिकडं भारी वाटला."

भूषण सव्वाचारला घरी आला. बघतो तर काकूच्या दाराशी चपलांचा ढीग. त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं. आत शिरला तर बद्रीनाथकाका स्टुलावर बसून, हातात स्क्रू ड्रायव्हर, लोकांना टेलिफोनचा इतिहास सांगायलेत. काकू म्हणली, "आलास व्हय? बरं झालं. घे, तू शिकलेला आहेस, तू ऐक." आन यंत्र त्याच्या कानाला लावलं.

चिर्रर्र. घुंईई. डुंग डुंग.

आयुष्यात पह्यल्यांदा त्याला त्या आवाजात पाणी दिसलं नाय.

धावत घरी गेला, रुमाल उचलला. पडद्यावर यादी. पाठवलं, पाठवलं, पाठवलं. मोजायला बसला. त्रेचाळीस. त्यानं तार उपटली आन खाली फरशीवर बसून राह्यला. तेवढ्यात फोन वाजला. भिंतीपलीकडून काकूची आरोळी: "पोरगी झाली! सरिताला नात झाली!" सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथकाका म्हणले, "बघा, केली का नाय दुरुस्त?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पिशोरवरून फोन. कडुबाकाका त्या दिवशी रजेवर, भूषणला बी सुट्टी. त्यांनी खाकरून, आवाज जड करून उचलला. "हां, बोला फकिरराव. आमचं पत्र मिळालं असंल."

"मिळालं," तिकडून मामा म्हणले. "काल लई वेळ मिळत होतं."

कडुबाकाकांना काय कळंना. मामा म्हणले, "फोनवर बोलण्यासारखं नाय. मी येतो." आन ठेवला. कडुबाकाकांनी पोराकडं बघितलं. भूषणनं सगळं सांगितलं, खालची ओळ सोडून. कडुबाकाका आत गेले, कॅलेंडरसमोर उभे राह्यले, आन आठ दिवसांवरून एक एक करून बोट फिरवलं. मग म्हणले, "आठ दिवस मी त्या पिशोरच्या बाळूला बघून गटारावरून उड्या मारल्या रे."

मामा दुपारी आले. काखेत फाइल. लाल फीत बांधलेली, खरंच. त्यांच्या ऑफिसची पद्धत अशी की आलेला प्रत्येक मेल छापायचा, त्यावर आवकचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आन साहेबांपुढं ठेवायचा. साहेब म्हणजे संस्थेचे सचिव, लई शिस्तीचे. मामांनी फीत सोडली. त्रेचाळीस कागद. प्रत्येकावर शिक्का. प्रत्येकावर साहेबांची सही, "पाहिले". अठराव्यावर शेरा: "निकड दिसते." एकतिसाव्यावर: "योग्य ती कार्यवाही तातडीने करावी."

"छापायचं यंत्र गरम झालं," मामा म्हणले. "शिपायानं वारा घातला."

पारूबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडायली का हसायली, भूषणला कळंना.

"आता ऑफिसचं असं आहे," मामा म्हणले, "एकच मजकूर त्रेचाळीस वेळा पाठवल्याबद्दल लेखी खुलासा लागंल. साहेबांनी मागितलाय. तो देताल तुम्ही. पण खरी पंचाईत ती नाय. खाली ती एक ओळ आहे ना. प्रश्नाचं उत्तर हो आहे. साहेबांनी भर ऑफिसात विचारलं, प्रश्न काय आहे? मला ठाऊक नाय. शिपायाला ठाऊक नाय. संध्याकाळपर्यंत बाजारात सगळे विचारायले. सकाळी शाळेत पोरांनी प्रेरणाला विचारलं, बाई, प्रश्न काय होता?"

कडुबाकाकांनी कागद डोळ्याजवळ नेला. ओळ वाचली. "कोणता प्रश्न रे?"

आता भूषणला सांगावंच लागलं. शाळा, रोजची ये-जा, फुलंब्रीवरून. भिंतीपलीकडं काकूचा कान टेकलेलाच होता.

"आन तू हो म्हणालास," कडुबाकाका म्हणले. "मला न विचारता."

"त्यांनी मला विचारलं होतं, दादा," भूषण वडिलांना म्हणला.

"रोज पिशोर? हे काय भाजी आणायला जाणं आहे का?" आन मग ते मामांकडं वळले, छाती पुढं काढून. "फकिरराव, आमचा पोरगा असा उतावळा नाय. ही मशीनची चूक आहे. पत्र त्यानं एकच लिहिलं, ते बी मी सांगितलं म्हणून. बाकी सगळं मशीन. विचारा पाह्यजे तर, बद्रीनाथ!" बद्रीनाथकाका दारातच उभे होते. ते म्हणले, "ओल गेली होती. मी साक्षीला आहे."

पारूबाई आतून पाणी घेऊन आली. पेला मामांपुढं ठेवला आन नवऱ्याला म्हणली, "तुम्ही मला बघायला आल्ते तवा मला बी एक विचारायचं होतं. अजून राह्यलंय." आन परत आत गेली. कडुबाकाका तिच्या पाठीकडं बघतच राह्यले.

मामांनी पाणी पिलं. म्हणले, "आता ऐका. पोरगी कालपासून घराबाहेर मान वर करून निघंना. पण रडायली नाय. तिनं मला एकच सांगून पाठवलंय. म्हणली, मामा, त्यांना विचारा, हे हो विचार करून आलंय का मशीनमधून आलंय."

सगळे भूषणकडं बघायले.

मामा उठून त्याच्याजवळ आले, हळूच कानात बोलले, पण मामांचं हळूच बी खणखणीत. "पोरा, मी तुला सांगतो. म्हण, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मीच पाठवले, हातानं, राहवलंच नाय. पोरगी खूश. साहेबांचं तर म्हणणंच आहे की एवढी कळकळ आजकाल दिसत नाय. मी आत्ताच्या आत्ता सुपारी फोडायचं ठरवून जातो. येत्या रविवारी."

बघ आता. एकीकडं रविवार. एकीकडं बाप, ज्यानं आत्ताच शेजाऱ्याची साक्ष काढून सांगितलंय की पोरगा उतावळा नाय. त्रेचाळीस म्हणला तर बाप खोटा पडतो. मशीन म्हणला तर पिशोरमधी ती पोरगी मशीननं पसंत केलेली म्हणून राह्यती. भूषणला म्हणे त्या टायमाला डोळ्यापुढं रविवार दिसला. मांडव नाय, बँड नाय, नुसती ती, शेवग्याखाली उभी, आन ह्यावेळी शेळी नाय.

तो म्हणला, "मामा, एक मी पाठवला. बाकीचे बेचाळीस मशीननं."

मामांचा चेहरा पडला. कडुबाकाकांनी सुस्कारा सोडला, त्यांची इज्जत वाचली होती. आन तेवढ्यात भूषण पुढं बोलला, आन हे त्यानं तोपर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं, आईला बी नाय, मला बी नाय.

म्हणला, "त्या आठ दिवसांत माझी एक सुट्टी आली. मी पहाटं साडेपाचला निघालो. इथून रिक्षा, मग स्टँड, मग फुलंब्रीची गाडी, तिथून पिशोर. टाइम लिहून घेतला. गाडीत बाया उभ्या होत्या, शाळेच्या, दवाखान्याच्या, एकीनं उभ्या उभ्या वह्या तपासल्या. सूर्य फुलंब्रीच्या पुढं निघाला. पिशोरला मी उतरलो नाय, कोणी बघितलं असतं तर दादांचे आठ दिवस मोडले असते. त्याच गाडीनं परत आलो. जाऊन येऊन साडेपाच तास. लई आहे. रोज हे करणं सोपं नाय, मला कळलं. तिला ते आधीच ठाऊक असंल, तरी ती करायला तयार आहे. म्हणून मी हो लिहिलं. एकदाच. हे सांगा तिला."

मामांनी कागद गोळा केले, काठ जुळवले, फीत बांधली. मग फीत परत सोडली, सगळ्यात वरचा, एक नंबरचा कागद काढून खिशात घातला. "असंच सांगू?" म्हणले.

"असंच."

"रविवारची सुपारी?"

भूषण म्हणला, "ती सांगंल तसं."

मामा गेले. त्याला आज चार दिवस झाले. पिशोरवरून ना फोन, ना मेल. कडुबाकाका पोराशी बोलत नायत, पण काल पारूबाईला म्हणले, "काय विचारायचं होतं तुला?" आन ती म्हणली, "आता विचार करून विचारते." बद्रीनाथकाकांनी खांबावर चढायची परवानगी मागितलीय. आन भूषणनं कॉम्प्युटरची तार काढून गुंडाळून माळ्यावर टाकलीय, फोन मोकळा राह्यला पाह्यजे म्हणून. कंपनीतून आला की गच्चीवर गोधडी टाकतो, घारींकडं बघतो, आन खाली वाटी जरी पडली तरी उठून बसतो.

एक खोटं बोलला असता ना, तर आत्ता आपण दोघं त्याच्या सुपारीला काय घालून जायचं ते ठरवत बसलो असतो. मामा स्वतःच्या तोंडानं सांगत होता, म्हण बाबा, त्रेचाळीस म्हण. पोरगी बी खूश झाली असती, कदाचित जन्मभर. मी दोन रात्री विचार करायलोय, यार, आन मला अजून ठरवता आलं नाय.

तू सांग. हसू नको, खरं सांग. त्याच्या जागी तू असतास, तर तू काय केलं असतं?